सर्व्हर उठलाय का?

— अहो दादा, तिकडे नाही, ती फ्रिजची वायर. तुम्हाला दुरुस्त करायचंय ते मशीन इकडे, चपलांच्या कपाटात. हो, कपाटातच! मुलानं जाताना स्वतःच्या हातानं बसवलंय. हॉलमध्ये त्याच्या पंख्याचा आवाज, बेडरूममध्ये ह्यांची झोपमोड, मग राहिलं काय — चपलांचं कपाट. चपला आता जिन्यात असतात. घराचा सर्व्हर आहे म्हणे. मी म्हटलं, या घराचा सर्व्हर मीच की, सकाळपासून सगळ्यांच्या पुढ्यात वाढतेय, पण मला कुणी कधी लॉगिन केलेलं आठवत नाही. — हसा, हसा, तुम्हाला काय!

तर त्याचं म्हणणं असं, की माहिती परक्या कंपनीच्या ताब्यात द्यायची नाही, आपली माहिती आपल्या घरी असावी. पटलं मला. माहिती आपल्या घरी — आणि स्वतः? स्वतः तिकडे, विमानानंसुद्धा अख्खा दिवस लागतो इतक्या लांब. तिथून रोज या कपाटात शिरतो, फोटो बघतो, फायली काढतो, कामं उरकतो आणि जातो, आणि आम्हाला पत्ता नाही! पोरगा रोज घरात येऊन जातो आणि आई इकडे भाजी निवडत बसलेली. हा एवढासा हिरवा दिवा भराभरा लुकलुकायला लागला की समजायचं, चिरंजीव आलेत. मी काही दिवस इथेच स्टूल टाकून बसायचे. — कशाला म्हणजे? असंच. उजेड बरा असतो इथे. — बरं बाई, कपाटात उजेड नसतो, मान्य.

फोन ना? येतो की! हे मशीन बिघडायला लागल्यापासून तर अगदी नेमानं येतो. पहिल्यांदा बंद पडलं तेव्हा सकाळीच आला, आणि ना नमस्कार ना चमत्कार, एकदम, "आई, तो उठलाय का?" मला वाटलं, वडिलांबद्दल विचारतोय. चांगलं झापलं मी — "अरे, बापाला 'तो' काय म्हणतोस? उठलेत, दात घासतायत!" तर म्हणे, "बाबा नाही गं, सर्व्हर!" मग काय विचारता — त्याला गरम होतंय का, त्याच्यावर धूळ बसलीय का, त्याचा पंखा घरघरतोय का, जरा हात लावून बघ. बघितला हात लावून. म्हटलं, ताप नाही. माझ्या गुडघ्यांची चौकशी? छे हो, गुडघ्यांना कुठे हिरवा दिवा असतो!

पण एक सांगते, तुम्ही मघाशी ते समजावलंत ना — मशीनला हाक मारल्यावर नकार आला तर आत कुणीतरी आहे पण दार उघडत नाही, आणि वाट बघून बघून मुदतच संपली तर आतून कुणी ओ देत नाही — ते मला लगेच कळलं. आमचं दुसऱ्या प्रकारातलं होतं. मशीन बिघडायच्या आधी मी पोराला फोन लावायचे, तो वाजून वाजून बंद व्हायचा. त्यानं मधेच कापला असता तरी बरं वाटलं असतं. म्हटलं असतं, आहे, तिथे आहे पोरगं.

— काय म्हणता? मशीन ठणठणीत आहे? लॉगिनला काही झालेलं नाही, भिंतीवरचं बटणच कुणीतरी बंद करतं? अहो, कोण करणार, घरात आम्ही दोघंच. पहिल्यांदा मी केलं होतं, इस्त्री लावायची होती म्हणून. पण ते खरंच चुकून — म्हणजे, ते तेवढं एकदाच. ह्यांना तर बटण कुठे आहे तेही ठाऊक नाही. हे आपले रविवारी सकाळी दाढी करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर खुर्चीत बसतात, आणि मग मशीन बंद पडतं — म्हणजे, पडणार याचा आधीच अंदाज येतो हो त्यांना. हवेवरून.

आणि ही पेटी कसली? — तारेलाच जोडायची? मधे बटणच नाही? आणि अडलंच, तर पोरगा तिकडून आपला आपण चालू करणार? म्हणजे विचारायलाच नको कुणाला, उठलाय का म्हणून? … कधीच नको?

नाही. ती पेटी ठेवा तुमच्या पिशवीत. ठेवा म्हणते ना! माझं घर आहे, माझं कपाट आहे. त्याला सांगा, मशीन नाजूक आहे, त्याच्याकडे माणसानंच लक्ष द्यायला हवं. खोटं आहे का यात काही? चहा घेतलात, बरं झालं. आता निघा. आतून हे खाकरले, ऐकलंत ना? आज रविवार, तयार होऊन बसलेत ते. आणि दादा, तुम्ही दाराशी आहातच, तर भिंतीवरचं ते पांढरं बटण तेवढं बंद करून जा.