मागून जाताना

मोंटानातल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात मार्ला कॉफीच्या रांगेत उभी होती. सकाळी तिनं मागून नवऱ्याच्या, ड्वेनच्या, खांद्याला हात लावला, तर त्यानं दचकून तिला कोपर मारलं होतं. आता तो खिडकीशी पाठमोरा उभा होता. तिच्या पुढं दोघे माजी सैनिक बोलत होते.

“क्लीट, अजून जातोस मन शांत करायच्या त्या घोड्यांसोबतच्या उपचाराला?”

“जातो की. पहिल्याच दिवशी घोडीची लाथ खाल्ली. गुपचूप मागून गेलो ना!”

“घाबरटच दिसतेय घोडी.”

“आणि फटाका वाजला की टेबलाखाली कोण शिरतं रे लेका?”

“बरं बाबा. मग आता?”

“आता लांबूनच बोलत जातो. ती निवांत गवत खात राहते.”

मार्लानं दोन कप घेतले आणि लांबूनच म्हणाली, “ड्वेन, मी येतेय रे मागून. कॉफी आणलीय.”

त्यानं न वळताच कपासाठी हात मागं केला.