सलीमभाईच्या गाडीचं इंजिन

आमच्या पेणच्या सलीमभाईची ती बिनछपराची जुनी अमेरिकन गाडी ठाऊक हाय ना? दुबईहून आल्यावर त्याने तिच्यात नवंकोरं जपानी इंजिन बसवलं. इतकं शांत, की चालू हाय का बंद ते कळत नाय.

कासू गावात माझ्या भाच्याची वरात त्याच गाडीतून निघाली. पुढं पोरं नाचायला लागली, म्हणून गाडी थांबली. मध्येच बँड थांबला, तर इंजिनाचा आवाजच नाय.

"बंद पडली वाटतं," आमचे दाजी म्हणाले. झालं, सगळं वऱ्हाड मागून ढकलायला लागलं.

"अरे, चालू हाय!" सलीमभाई ओरडला, पण तोवर बँड परत सुरू. ब्रेक मारावा, तर मागच्या सीटच्या पाठीवर बसलेले नवरा-नवरी पडतील. शेवटी बिचारा न्यूट्रल टाकून नुसतं स्टिअरिंग सांभाळत बसला.

मांडवापाशी दाजींनी घाम पुसत त्याच्या पाठीवर थाप मारली.

"गाडी झकास हाय, सलीम. तेवढं इंजिन बदलून घे."