पत्रासाठी पत्ता

चौऱ्याण्णव साली लखनौच्या कॅन्सर हॉस्पिटलात मराठी कानावर आलं म्हणून वळून पाहिलं. रुग्णांची माहिती गोळा करणारा तरुण एका बाईंना प्रश्न विचारत होता. त्यांचे यजमान आत तपासणीला गेले होते.

“काकू, काकांना तंबाखूची सवय?”

“ते नाही म्हणतील. तुम्ही हो लिहा.”

“बरं.”

“असे पेशंट किती जगतात हो?”

“इथं अजून कुणी नोंदच ठेवली नव्हती. आता ठेवतोय. पुढच्या पेशंटना उपयोग होईल.”

“पुढच्यांना. अच्छा.”

“वर्षभरानं काकांची चौकशी करायला पत्र पाठवू. पत्ता मानक नगर, रेल्वे क्वार्टर ना?”

“नको. अकोल्याचा लिहा, माझ्या भावाचा. क्वार्टर तोवर सोडावं लागेल.”

“काकांची बदली होतेय का?”

“नाही रे बाळा.”