चीज, रस्सा आणि देझिरेचं वजन

...काय म्हणे, रस्सा म्हणजे नुसतं पाणी! आणि चीज म्हणजे पोटातला दगड! तीन महिने, तुम्हाला सांगते, तीन महिने त्या घरात दुसरा विषय नाही. विस्कॉन्सिनात, सरोवराकाठच्या आमच्या बेल्जियन वस्तीत एक देझिरे देलफॉस राहत होता, त्याला एक बायको होती ऑर्तान्स, एक थोरली बहीण होती फिलोमेन, आणि दोघींना जिभा होत्या. ऑर्तान्स चीजवाल्याची लेक, माहेरचा कारखाना रस्त्याच्या पलीकडेच, तिथं आता तिचा भाऊ एमिल बसतो. फिलोमेनचा जन्म गेला हाडं उकळण्यात, कोंबडीची म्हणू नका, बैलाच्या शेपटीची म्हणू नका. नवरा वारल्यावर भावाकडे राहायला आली ती बगलेत स्वतःचं पातेलं घेऊन. आता एका चुलीवर दोन मतं म्हटल्यावर काय व्हायचं ते होणारच... पण आपल्याला काय, आपण ऐकायचं.

तर त्या वर्षी मे महिन्यात देझिरेचं अपेंडिक्स फुटलं. पाच आठवडे शहरातल्या इस्पितळात काढले आणि बाहेर आला तेव्हा भरला एकशे अडतीस पौंड, कोट घातला तर कोटच चालतोय असं वाटायचं. माणूस घरी आला, देवाचे आभार मानावेत की नाही? पण देझिरेचा जीव अडकला होता वल्ह्यात. सप्टेंबरात केरमिस, आमची कापणीनंतरची जत्रा. चर्चच्या अंगणात माणूस बसेल एवढ्या कढईत बूया शिजते, कोंबड्या, बैलाचं मांस, कोबी, गाजरं, पहाटेपासून दुपारपर्यंत, आणि ती ढवळायची नावेच्या वल्ह्याने. ते वल्हं बावीस वर्षं देझिरेच्या हातात, त्याआधी त्याच्या बापाच्या. डॉक्टर हॅलोरननी साफ सांगितलं की दीडशे पौंड भरलास तर चिठ्ठी देतो, नाहीतर कढईजवळ फिरकायचं नाही. आणि चर्चच्या मंडळींनी ठरवलं, चिठ्ठी नसेल तर वल्हं जोझेफ मासारला. जोझेफची बूया म्हणजे काय, गरम पाण्याला कोंबडीची आठवण आलेली! देझिरे ते ऐकून भिंतीकडे तोंड करून निजला.

झालं, दोघी कामाला लागल्या. ऑर्तान्सचं म्हणणं, दहा पौंड दूध ओतावं तेव्हा पौंडभर चीज हाताला लागतं, म्हणजे एकेका फोडीत गाईची अर्धी सकाळ आहे, ताकद आणखी कशात असणार? फिलोमेनचं म्हणणं, आठ तास उकळल्यावर हाडातला जीव पाण्यात उतरतो, गार झाल्यावर बघ कसा थरथरतो, तुझं चीज थरथरतं का? यावर ऑर्तान्स म्हणाली की थरथरणं हा गुण असेल तर देझिरेत तो सध्या भरपूर आहे.

शेवटी डॉक्टरांनाच विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की चीजच्या लहानशा फोडीत वाटीभर रश्श्याहून जास्त प्रथिनं असतात, वर चरबी, हाडांना लागणारं कॅल्शियम. वजन वाढवायचं तर रश्श्याने फारसं काही होत नाही. पण ज्याला अन्न जात नाही, त्याच्या पोटात पाणी आणि मीठ जायला रस्सा बरा, तो पचतो, भूक उघडतो. दोन्हीत खारटपणा आहे, तेव्हा बेताने. आता हे ऐकायला दोघी बसल्या होत्या ना? घरी आल्या तेव्हा ऑर्तान्सने पहिलं अर्धं ऐकलेलं, फिलोमेनने दुसरं, आणि बेतानं हे कुणीच नाही! आपल्याला काय, आपण ऐकायचं.

मग वजन कुठं करायचं? शहर लांब. दर शनिवारी देझिरेला एमिलच्या कारखान्यात न्यायचं ठरलं, तिथं दूध मोजायचा मोठा काटा. पहिल्या शनिवारी देझिरे उभा राहिला, एमिलने वजन सरकवत नेलं आणि वाचलं, एकशे सोळा. ऑर्तान्स होती तिथं उपड्या कॅनवर बसली. इस्पितळातून आल्यापासून बावीस पौंड गेले? घरी येऊन तिने चीजचा अख्खा गोल कापायला काढला, आणि फिलोमेनने दुसरं पातेलं चढवलं. सकाळी सहाला चीज, सातला रस्सा, नऊला चीज भाजून पावावर, दहाला रस्सा मज्जेसकट... देझिरे बिचारा हूं की चूं न करता सगळं गिळायचा, त्याच्या डोळ्यांपुढं वल्हं! काटा चढत होता, नाही असं नाही, पण दीडशे काही दिसेना. ऑगस्टात पँटचं बटण लागेना. ऑर्तान्स म्हणाली, ही आजारपणाची सूज. फिलोमेन म्हणाली, सूजच, पण चीजची. गाल वर आले, गळपट्टी उसवली, जिन्याची पायरी कुरकुरायला लागली, आणि घरात सगळे म्हणतायत, पोर खंगत चाललंय! आता डोळे कुणाला नाहीत? पण कारखान्याचा काटा कधी खोटं बोलतो का? अख्ख्या तालुक्याचं दूध त्याच्यावर विश्वास ठेवून आत जातं. आपल्याला काय...

जत्रेच्या आदल्या शनिवारी काटा आला एकशे शेहेचाळीसवर आणि थांबला. चार पौंड कमी. देझिरे काट्यावरून उतरेचना. म्हणाला, "एमिल, परत बघ." परत बघितलं, तेच. त्याने टोपी काढून हातात धरली, मग परत डोक्यावर घातली, टोपीचं वजन धरतात का म्हणून विचारलं. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

फिलोमेन त्या दिवशी मुद्दाम आली होती, भावजय काट्यात काही करते का बघायला. देझिरेला बाजूला करून ती स्वतः चढली. एकशे सहासष्ट. बाई इस्टरला दवाखान्यात एकशे नव्वद भरली होती, हे अख्ख्या गावाला पाठ!

"काटा अगदी बरोबर आहे," फिलोमेन म्हणाली आणि झग्याच्या चुण्या नीट केल्या.

"एमिल," ऑर्तान्स तिच्याकडे न बघताच म्हणाली, "काटा बिघडलाय."

तीन महिने नवरा खंगताना दिसला तेव्हा काट्यावर शंका नाही आली, तुम्हाला सांगते, नणंद बारीक दिसली तेव्हा लगेच आली! एमिल वाकला, बाजूची वजनं चाचपली, आणि मान खाजवायला लागला.

"कॅनचे चोवीस पौंड हा काटा आधीच वजा करतो."

"आणि तू आज सांगतोस?"

"यावर कॅनशिवाय कधी कुणी काही ठेवलंय का, ऑर्तान्स?"

नव्हतंच ठेवलं. ती जन्मली त्या कारखान्यात, तिला तरी कुठं आठवलं? तिघांनी देझिरेकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच, खरंच पहिल्यांदाच, तो त्यांना दिसला. एकशे सत्तर पौंड! गाडीत मागची सीट त्याला एकट्याला सोडून सगळे डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी वजन बघितलं, चिठ्ठी लिहिली, आणि त्याच कागदाच्या मागं आणखी लिहिलं: वीस पौंड कमी करणे, चीज बंद, रस्सा बंद.

जत्रेला वल्हं देझिरेच्याच हातात होतं. अंगात अशी ताकद की दुपारपर्यंत एकदा बसला नाही, आणि लोक म्हणाले बावीस वर्षांत अशी बूया झाली नव्हती. आता ती चीजची ताकद की रश्श्याची, यावर बाजूच्या बाकावर दोघींचं भांडण सुरू व्हायचं, पण झालं नाही. त्या दोघी मांडीला मांडी लावून बसलेल्या, एक शेंगांच्या शिरा काढतेय, दुसरी पाणी उकळलं का बघतेय. अशी त्या घराला अखेर शांतता लाभली, गेली आठ वर्षं आहे, देव ती टिकवो. दोघींचं एकमत झालंय की देझिरेने उकडलेला घेवडा खायचा. बिनमिठाचा.