फार चांगला रिपोर्ट

डॉक्टर : रक्ताचा रिपोर्ट फारच चांगला आलाय. मला तेच आवडलेलं नाही.

ताई : अहो, चरबी उतरली तर वाईट काय झालं? मी स्वतः याच्या भाजीतलं तेल चमच्याने मोजते.

डॉक्टर : तुमच्या चमच्याचं कौतुक आहे. पण कातडीवर नव्या गाठी येऊ नयेत म्हणून मी यांना जी कॅप्सूल दिलीय, तिने रक्तातली चरबी वाढते. वर्षभर वाढलेली होती. आता एखाद्या शाळकरी पोरासारखा रिपोर्ट! आणि नेमक्या याच तीन महिन्यांत कानावर एक आणि टकलावर दोन, अशा कॅन्सरच्या तीन नव्या गाठी. त्याआधी वर्षभरात मिळून एक.

भाऊ : उन्हामुळे असेल. संचलनात बँड उभा असतो तासन् तास. ट्रम्पेटवाल्यावर छत्री कोण धरणार?

डॉक्टर : ऊन आधीच्या वर्षीही होतं. कॅप्सूल घेताय ना?

ताई : घेतो हो! जेवण झालं की मी रोज विचारते, 'घेतलीस का रे?' 'घेतली, ताई.' एक दिवस चुकला नाही.

डॉक्टर : मग औषध चालत नाहीये. आता एकच उपाय उरतो. तुमच्या किडनीच्या डॉक्टरांना लिहितो. परकी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या चालू आहेत, त्या कमी करा म्हणून. त्यांच्यामुळेच त्वचेचा पहारा ढिला पडतो.

ताई : परकी नाही. माझी आहे ती. नऊ वर्षांपूर्वी दिलीय याला. आणि गोळ्या कमी केल्यावर ती बिघडली तर?

डॉक्टर : धोका आहेच.

ताई : आहेच म्हणजे? माझ्याकडे काय तिसरी ठेवलीय?

भाऊ : पत्र लिहू नका, डॉक्टर.

डॉक्टर : का?

भाऊ : कॅप्सूल बंद आहे. तीन महिने.

ताई : काय?

भाऊ : ओठ फुटायचे गं. तोंडाला ट्रम्पेट लावला की रक्त. वरचा स्वर लावायला जायचो आणि नुसती हवा. बँडमास्तर म्हणाला, झांजा वाजव. तेवीस वर्षं ट्रम्पेट वाजवून झांजा!

ताई : आणि रोज मला 'घेतली' म्हणत होतास?

भाऊ : तसा अगदीच रिकामा नव्हतो. औषध लावत होतो.

डॉक्टर : लावत होतात? कोणतं?

भाऊ : ताईचं सुरकुत्यांचं क्रीम. तुम्हीच म्हणाला होतात ना, ही कॅप्सूल आणि ते क्रीम एकाच घराण्यातली. म्हटलं, पोटातून नको, वरूनच जाऊ दे. कानाला, टकलाला, दोन वेळा.

ताई : म्हणून माझी ट्यूब आठ दिवसांत संपत होती! अरे, मी सुनेवर संशय घेतला. दोन महिने त्या पोरीशी धड बोलले नाही मी!

डॉक्टर : एका घराण्यातले सगळेच गवई असतात का हो? ते क्रीम सुरकुत्यांसाठी ठीक. तुमच्यासारख्यांच्या गाठी त्याने थांबत नाहीत. आणि कॅप्सूलसुद्धा आजार बरा करून मोकळी होत नाही. घेताय तोवर ती पहारा देते. बंद केलीत की दार उघडं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी.

भाऊ : सांगितलं होतंत.

डॉक्टर : मग ओठांचं मला का नाही सांगितलं? डोस कमी करता येतो, मलम देता येतं, हळूहळू वाढवता येतो. आणि मी इथे औषधाला दोष देत बसलो!

भाऊ : तपासणीला ताई सोबत असते.

ताई : म्हणजे आता माझी चूक?

भाऊ : तसं नाही. तू पोट कापून किडनी दिलीस. तुझ्यासमोर बसून 'माझे ओठ फुटतात' म्हणू? लाज वाटत नाही का माणसाला?

ताई : लाज! इथे गाठी आल्यात, आणि याला लाज!

डॉक्टर : पत्र तूर्त बाजूला ठेवतो. गुरुवारी तिन्ही गाठी काढू. कॅप्सूल निम्म्या डोसने परत सुरू, दर महिन्याला रक्त. ओठांना हे मलम, वाजवण्याआधी आणि नंतर. टोपी कान झाकणारी. वरचा स्वर पहिल्यासारखा लागेल, असं वचन मी देत नाही.

भाऊ : झांजा?

डॉक्टर : ते बँडमास्तरांना विचारा. मी कातडीचा डॉक्टर आहे.

(डॉक्टर गुरुवारची वेळ ठरवायला बाहेर जातात.)

ताई : नऊ वर्षं काहीही विचारलं की तुझं 'बरं आहे, ताई'. आणि मी आपली गावभर सांगत सुटले, किडनी काय छान लागलीय म्हणून.

भाऊ : ती लागलीच आहे.

ताई : किडनीचं नाही विचारत. कान दुखतो का?

भाऊ : बरा आहे.

ताई : पुन्हा 'बरा आहे'?

भाऊ : दुखतो. त्या कुशीवर झोपता येत नाही.