बेसबॉलमधले माझे फटके सुधारल्याबाबत

विषय: मोबाइलवरील बेसबॉलमध्ये माझे फटके सुधारल्याबाबत.

उपरोक्त विषयी निवेदन असे, मंडळी, की वणीचे जावई दर रविवारी मला मोबाइलवर हरवत. "जावयाचा मान ठेवतो," असं मी सांगायचो. खरं म्हणजे माझी बॅट चेंडूला लागतच नव्हती, आणि एकदा तरी जिंकावं एवढीच इच्छा उरली होती.

या रविवारी बायको शेजारी तुरीची डाळ निवडत बसली होती. म्हणाली, "चेंडू दिसला की फिरवली बॅट! बाहेरून जाऊन राह्यला, त्याले काहून मारता?"

"मग काय करू?"

"कचेरीत तीस वर्षं काय केलं? अपुरा अर्ज आला तर हात तरी लावत होते का तुम्ही? तसेच बसा न!"

मी तसाच बसलो. तीन वाकडे चेंडू जाऊ दिले. चौथा मधोमध आला आणि थेट मैदानाबाहेर गेला. त्या एका फटक्यावर जावई हरले.

माझ्या नोकरीचं चीज झालं, असं पहिल्यांदाच वाटलं. बायकोचे उपकार मानून, तिने माझी कायमची प्रशिक्षक व्हावं असा रीतसर अर्ज लिहिला आणि तिच्यापुढे ठेवला.

"ठेवा तिथं, पायते मंग," ती म्हणाली.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.