गटाच्या अध्यक्षांना सही येते

नाव: शंतनू केशव सेलूकर, वय ४३ वर्षे, धंदा: दुग्धपदार्थ पुरवठा मार्गदर्शक, रा. चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर होऊन, कोणाच्याही दबावाशिवाय जबाब देतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी चारुता व मुलगा चिन्मय, वय ९, यांच्यासह राहतो. औद्योगिक वसाहतीत माझी एक शेड असून तिथे पनीर व दही तयार होते. शेड माझी आहे, धंदा माझा नाही. हा फरक आपल्या हवालदारांना काल फोनवर परोपरीने समजावला, तरी त्यांच्या डोक्यात शिरला नाही, म्हणून स्वतः आलो आहे.

सरकारी वसतिगृहांच्या आहारासाठी जी खरेदी होते, तिच्यात महिला बचत गटांना प्राधान्य असते. पुरुषाने कितीही चांगला माल केला तरी त्याला कोणी विचारत नाही. म्हणून काही वर्षांपूर्वी मी कन्नड तालुक्यातील एका धनगर वस्तीवर जाऊन तिथल्या बायकांना 'बिरोबा महिला बचत गट' काढून दिला. श्रीमती बानाबाई मुंजाबा कोळेकर, वय ५८, या गटाच्या अध्यक्ष आहेत. त्यांचे पती मेंढ्या घेऊन बाहेर असतात. पुरवठ्याचा करार, परवाना, शेडचा भाडेकरार, सगळ्यावर बानाबाईंची सही आहे. अंगठा नाही, सही. ती मी त्यांना शिकवली. आमच्या स्वयंपाकघरात खाली बसून त्या पाटीवर गिरवत असत. पहिल्यांदा जमली तेव्हा बाई रडल्या. मी त्यांना मावशी म्हणतो.

माल प्रत्यक्षात कोण बनवत होते, असे विचारल्यावरून सांगतो की, मी फक्त मार्गदर्शन करत होतो. बानाबाई शेडमध्ये एकदाच आल्या, फोटोसाठी. डोक्यावर पदर आणि पदरावर कागदी टोपी, असे ते ध्यान यंत्राशेजारी उभे केले. त्यांनी इकडेतिकडे पाहून विचारले, "दादा, इथं दूध तर कुठंच दिसंना?" मी म्हणालो, "मावशी, दूध टाकीत असतं." त्या म्हणाल्या, "व्हय का! आमचं आपलं चरवीत असतंय." सगळे कामगार हसले, त्याही हसल्या. टाकीत खरोखर काय होते, असे आपण विचारता. दुधाची भुकटी आणि पामतेल यांची बिले गटाच्याच नावाने आहेत. तेव्हा हा प्रश्न अध्यक्षांना विचारावा, मला नव्हे.

घटनेबाबत सांगतो की, गेल्या शनिवारी मुलींच्या वसतिगृहाचे पनीर गाडीत भरून पाठवले. दुपारी चालक राजकुमार याचा मला फोन आला की, गाडीचे कुलिंग बंद पडले आहे, वसतिगृहाच्या कोठीला कुलूप आहे आणि माल सोमवारीच उतरवून घेणार आहेत, तर परत आणू का. वास्तविक हा फोन अध्यक्षांना जायला हवा होता. राजकुमारकडे त्यांचा नंबर नाही, ही त्याची चूक. मी एवढेच म्हणालो की, गाडी सावलीला लाव आणि सोमवारी उतरव, मसाल्यात वास कळत नाही. हा माझा सल्ला होता, आदेश नव्हता. एप्रिलचे ऊन मी तयार केलेले नाही.

सोमवारी जेवणानंतर मुलींना उलट्या सुरू झाल्या. बहुतेक मुली सलाइन लावल्यावर बऱ्या झाल्या, हे कोणी वर्तमानपत्रात छापत नाही. सृष्टी पुंजाराम ढेपले, वय ९, ही मयत झाली. ती बानाबाईंच्याच वस्तीवरची होती. ती मुळातच अशक्त होती, असे माझ्या कानावर आले आहे.

त्या मालातले पनीर आपल्या घरी खाल्ले का, असे विचारल्यावरून सांगतो की, नाही. आमच्या घरी बाहेरचे पनीर आणत नाहीत. चिन्मयचे पोट नाजूक आहे. त्याला तूप लागते तेही बानाबाईंच्या घरच्या म्हशीचे. त्या ते स्वतः आणून देतात आणि त्याला "माझा राजा" म्हणून त्याची दृष्ट काढून जातात.

मुलगी गेल्यापासून बानाबाई तिच्या आईजवळ, म्हणजे रूपा हिच्याजवळ, बसून होत्या. परवा त्यांनी मला फोन केला. म्हणाल्या, "दादा, पोरीची माय अन्नाला शिवंना. कुणी कालवलं असंल वो लेकराच्या ताटात असलं? त्याचा निर्वंश हुईल बगा." हे मला मुळीच आवडले नाही. अडाणी माणसाने तोंड सांभाळून बोलावे. मला एकुलता एक मुलगा आहे. त्या रात्री मी झोपू शकलो नाही. मात्र तो राग मनात धरून मी हा जबाब देत नाही, याची नोंद घ्यावी.

आपल्याला अध्यक्षांना शोधत रानोमाळ फिरावे लागू नये म्हणून आज सकाळी मी स्वतः वस्तीवर जाऊन त्यांना माझ्या गाडीतून आणले आहे. खरे कारण सांगितले असते तर बाई मेंढ्यांमागे कुठे निघून गेली असती, कोणास ठाऊक. म्हणून सांगितले की, रूपाला सरकारी मदत मिळायची आहे, तिला गटाच्या अध्यक्षांची सही लागते. त्यांनी थापत असलेली भाकरी परातीतच टाकली आणि हात धुऊन निघाल्या. "चला दादा, माज्या सहीनं तिचं तेवढं काम हुतंय तर लई झालं," असे म्हणाल्या. वाटेत त्यांची एका कागदावर सही घेतली, तो कागद हजर करत आहे. गटाचा सर्व माल स्वतःच्याच देखरेखीखाली तयार होत होता, असे त्यात त्यांनी मान्य केले आहे. कागद त्यांनी वाचला का, असे आपण विचारता. त्यांना सही येते, वाचता येत नाही. तेवढे शिकवायला मला सवड नव्हती.

या बायकांसाठी मी जे केले, ते सख्खा भाऊ करणार नाही. पण ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. दोषी असेल त्याला जरूर शिक्षा व्हावी, फक्त सुक्याबरोबर ओले जळू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

चिन्मयची शाळा सुटायची वेळ झाली असल्याने मला जाऊ द्यावे व मी गेल्यावर बानाबाईंना आत बोलवावे. त्यांनी माझी चौकशी केली, तर दादा चहा सांगायला गेलेत, येतीलच, असे सांगावे. म्हणजे त्या शांत बसतील.

वरील मजकूर संगणकावर उतरवून मला वाचून दाखवण्यात आला. बानाबाई दाराला लागूनच बाकावर बसल्या असल्याने तो हळू आवाजात वाचावा, अशी मी विनंती केली व ती मान्य झाली. तो मी सांगितला तसाच आहे व खरा आहे.